मांडव उशिरा पडतो

तलासरी तालुक्यात उधव्याच्या आसपासच्या पाड्यांवर एक वाक्य सहज कानावर पडतं : लगीन बाकी हाय. बोलणारा विशीतला पोरगा असेल, तसा चाळिशीतला गडीही असू शकतो. त्याच्या घरात चूल पेटलेली असते, अंगणात त्याचीच लेकरं खेळत असतात, घरधनीण शेतावरून नाहीतर वापीच्या कारखान्यातली पाळी संपवून परतत असते. गाव तिला त्याची बायको म्हणून ओळखतं. तिच्या माहेरचे येतात, कोंबडी कापली जाते, सणासुदीला दोन्ही घरांचं येणं-जाणं असतं. लगीन मात्र बाकी असतं. त्यात लाजण्यासारखं काही आहे असं बोलणाऱ्याला वाटत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही नाही.

उधवा दादरा-नगर हवेलीच्या सीमेकडच्या पट्ट्यात आहे. एका बाजूला सिल्वासा, दुसऱ्या बाजूला वापी आणि उमरगाव. सकाळी टेम्पोत आणि मोटरसायकलवर बसून तरुण मुलंमुली तिकडच्या कारखान्यांत कामाला जातात. दिवाळी झाली, भात झोडून झालं, की काही कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. काही पुरुष बोटींवर खलाशी होतात. या मुलांच्या हातात मोबाइल आहे. संध्याकाळी नाक्यावर चार मित्र जमले की क्रिकेट, नोकरी, वनपट्टा, वाढवण बंदर, बुलेट ट्रेनला गेलेली जमीन, आणि कोण कोणाबरोबर राहायला लागलं, हे सगळं एकाच बैठकीत निघतं. जोहान्सबर्गच्या किंवा डर्बनच्या वस्तीतले चार मित्रही संध्याकाळी जवळपास याच गोष्टी बोलत बसतात. त्यांच्याही गप्पांत नोकरी नसल्याची तक्रार असते, सरकारवरचा राग असतो, आणि अमक्याने बायको घरी आणली पण देणं अजून फिटलं नाही, हा विषय असतो. दक्षिण आफ्रिकेतही लगीन बाकी असतं. एवढं एक साम्य नीट पाहिलं, तर उधव्याच्या प्रश्नावर बराच उजेड पडतो.

आधी इथलं पाहू.

इथल्या वारली आदिवासींचं लग्न हे दोन माणसांपुरतं कधीच नव्हतं. देव, पितर, गाव आणि पीक या सगळ्यांना साक्षीला बोलवावं लागतं. भिंत शेण-गेरूने सारवली जाते. सवाशिणी तांदळाच्या पिठाने तिच्यावर चौक लिहितात. चौकात पालघट देवी असते, बाजूला घोड्यावर नवरा-नवरी आणि भोवती झाडं, जनावरं, नाचणारी माणसं. चौकाशिवाय लग्न लागत नाही. लग्न लावणारी बाई असते, धवलेरी. तिची गाणी तासन् तास चालतात. ब्राह्मण पुरोहिताची इथे गरज नाही. ज्या समाजात लग्नविधीचा अधिकार बाईच्या गळ्यात आहे, असा दुसरा समाज महाराष्ट्रात शोधावा लागेल. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी हीच भिंत कागदावर आणि कापडावर नेली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि वारली चित्रकला जगभर गेली. आज मुंबईच्या हॉटेलात जो चौक शोभेसाठी रंगवतात, त्याचं मूळ काम एका जोडप्याचा संसार देवापुढे नोंदवणं हे आहे.

पण ही नोंद महाग पडते. सगळ्या गावाला आणि दोन्हीकडच्या सोयऱ्यांना जेवण, ताडी-दारू, कपडे, वाजंत्री, आणि नवऱ्याकडून नवरीच्या घरी द्यायचं देज. देजाची दिशा हुंड्याच्या उलटी आहे, हे ध्यानात ठेवायला हवं : इथे मुलीच्या बापाला मान आहे, कारण घरातून कष्टाचे दोन हात जाणार असतात. के. जे. सावे यांनी 1945 मध्ये प्रसिद्ध केलेल्या वारल्यांवरच्या पुस्तकात या देजाची सविस्तर माहिती आहे. ज्याच्याकडे देज नाही, तो घरजावई होऊन सासऱ्याच्या शेतात राबायचा. आणि ज्याला तेही जमलं नाही, तो सावकाराच्या दारात जायचा.

इथे या तालुक्याचा इतिहास लग्नाशी गाठ बांधून उभा आहे. जमीनदाराकडून लग्नासाठी पैसे घेतले, की नवरा आणि त्याची बायको दोघंही त्याच्या घरचे गडी होत. कर्ज फिटायचं नाही, कारण हिशेब सावकाराच्या वहीत आणि वारल्याला वाचता येत नसे. या माणसांना नावच पडलं : लग्नगडी. मुंबई सरकारने नेमलेल्या सिमिंग्टन यांच्या 1939च्या अहवालात या गुलामीची नोंद सरकारी भाषेत आहे. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ती माणसांच्या तोंडून आहे. मांडवातून उठलेलं जोडपं थेट जमीनदाराच्या वाड्यावर आयुष्यभरासाठी कामाला जातं, ही कल्पना आज करवत नाही. पण उधव्यात आज ज्यांची नातवंडं मोबाइलवर गाणी ऐकतात, त्यांच्या आज्या-पणज्यांच्या पिढीची ही रीत होती.

23 मे 1945 रोजी याच तालुक्यातल्या, तेव्हाच्या उमरगाव तालुक्यातल्या झरी गावी हजारो वारली जमले. त्याआधी जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली होती आणि इथले काही वारली तिथे जाऊन आले होते. झरीला ठरलं : वेठ करायची नाही, लग्नगडी म्हणून राबायचं नाही. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्यासोबत कार्यकर्ते पाड्यापाड्यावर फिरले. पावसाळा संपल्यावर गवत कापणीच्या मजुरीसाठी संप झाला, 500 पौंड गवताला अडीच रुपये ही मागणी होती. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला, पाच माणसं मेली. त्यांत जेठ्या गांगड होता. या लढ्याला वारल्यांचं बंड म्हणतात. तो शेताच्या मजुरीइतकाच मांडवाच्या स्वातंत्र्याचाही लढा होता, हे क्वचितच सांगितलं जातं. वेठबिगारीविरुद्धचा देशाचा कायदा आला तो 1976 मध्ये, म्हणजे झरीनंतर 31 वर्षांनी.

मग गुलामी गेली, खर्च राहिला. त्यावर लोकांनी स्वतःच तोड काढली. कर्ज काढून लग्न करण्यापेक्षा आधी संसार थाटायचा आणि हात सैल झाला की मांडव घालायचा. ही तोड शहाणपणाची आहे. कर्जाने बांधलेल्या माणसाची नातवंडं कर्ज न काढता एकत्र राहतात, यात अनीती काय आहे? उन्हाळ्यात दरवर्षी वर्तमानपत्रांत एखादी बातमी येते : बाप आणि लेक एकाच मांडवात बोहल्यावर. सामुदायिक विवाहात पंचावन्न वर्षांचं जोडपं आणि त्यांचा मुलगा-सून शेजारी शेजारी उभे असल्याचं छायाचित्र छापलं जातं. वाचक हसतो आणि पान उलटतो. त्या छायाचित्रात तीस वर्षं निभावलेला संसार असतो. पुण्यामुंबईत तीस वर्षं निभावलेल्या संसाराला आपण लग्नाचा वाढदिवस म्हणतो, केक आणतो.

शहरात याच राहण्याला लिव्ह-इन म्हणतात आणि त्यावर चर्चासत्रं होतात. उत्तराखंडात 27 जानेवारी 2025 पासून समान नागरी कायदा लागू झाला आणि त्यात अशा जोडप्यांना नोंदणी सक्तीची केली गेली. अनुसूचित जमातींना मात्र त्या कायद्यातून वगळलं आहे. आदिवासींना वगळण्याची ही रीत जुनी आहे. 1955चा हिंदू विवाह कायदा कलम 2(2) प्रमाणे अनुसूचित जमातींना लागू नाही, केंद्राने तशी अधिसूचना काढली तरच होतो. 1956च्या वारसा कायद्यातही हीच तरतूद आहे. म्हणजे उधव्याच्या जोडप्याचं लग्न झालं की नाही, हे ठरवणारा कायदा म्हणजे त्यांची रीत. आणि रीत सांगते : गाव मानतं, म्हणजे बायको आहे, चौक लिहिला नाही, म्हणजे लगीन बाकी आहे. दोन्ही एकाच वेळी खरं.

गावात हे चालतं. कचेरीत अडतं.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना 2024 मध्ये आली, तेव्हा पात्र बाईचे प्रकार ठरले : विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार आणि कुटुंबातली एक अविवाहित. बारा वर्षं संसार केलेली, तीन लेकरांची आई, जिचं लगीन बाकी आहे, तिने कोणत्या चौकटीत खूण करायची? विवाहित म्हटलं तर दाखला नाही. अविवाहित म्हटलं तर ते तिच्या संसाराबद्दल खोटं, आणि घरात आणखी एखादी अविवाहित बहीण असेल तर तिचा हक्क जाणार. रेशनकार्डावर नाव चढवताना, मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी, बँकेत वारस लावताना हाच पेच. सगळ्यात अवघड वेळ येते ती माणूस गेल्यावर. कारखान्यात अपघात झाला, बोटीवरचा खलाशी परतला नाही, तर भविष्य निर्वाह निधी, विमा, नुकसानभरपाई, निराधार योजना, प्रत्येक खिडकीवर पहिला प्रश्न असतो : लग्नाचा दाखला आणा. गुजरातच्या बोटींवर गेलेले डहाणू-तलासरीकडचे खलाशी पाकिस्तानच्या हद्दीत पकडले जाऊन कराचीच्या तुरुंगात वर्षानुवर्षं अडकल्याची उदाहरणं आहेत. असा माणूस ज्या घरातून गेला तिथे लगीन बाकी असेल, तर मागे राहिलेली बाई कागदावर त्याची कोण?

वनहक्क कायद्याने या बाबतीत एक चांगली गोष्ट केली आहे. 2006च्या त्या कायद्याच्या कलम 4(4) प्रमाणे माणूस विवाहित असेल तर वनजमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने निघतो. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला चालत आलेल्या हजारो शेतकऱ्यांच्या मागण्यांत हे पट्टे होते. पण 'विवाहित असेल तर' या तीन शब्दांवरच तलासरीच्या किती बायका ठेचकाळत असतील, याचा विचार पट्ट्यांच्या सभांत फारसा होत नाही. तो व्हायला हवा.

आता समुद्रापलीकडे.

दक्षिण आफ्रिकेत झुलू समाजात नवऱ्याकडून नवरीच्या घरी जे दिलं जातं त्याला लोबोला म्हणतात. पूर्वी गाई, आता बहुतेक पैसे, पण हिशेब अजूनही गाईंतच सांगतात. मुलाकडचे मध्यस्थ, अबाखोंगी, मुलीच्या दारात जाऊन उभे राहतात आणि घासाघीस सुरू होते. 1869 मध्ये नाताळ वसाहतीतल्या इंग्रज अधिकाऱ्याने, थिओफिलस शेपस्टोनने, सामान्य माणसासाठी लोबोलाची मर्यादा दहा गाई ठरवली. मर्यादा म्हणून आलेला आकडा पुढे रिवाज होऊन बसला. खाणीत आणि शहरात मजुरीला गेलेल्या तरुणाला दहा गाईंची किंमत जमवायला वर्षं लागतात. बेकाराला तर जमतच नाही. मग मुलगा-मुलगी एकत्र राहू लागतात. तिथल्या वस्त्यांमध्ये याला आफ्रिकान्स भाषेतून आलेला शब्द आहे, फाट-एन-सिट : घे आणि बस. झुलूत कीपिता म्हणतात. दोरित पोसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये लोबोला आणि घटत्या लग्नांचा संबंध तपासणारा लेख लिहिला, तेव्हा लोबोलाचा खर्च हा अडसर असल्याचं झुलूभाषक तरुण सांगत असल्याचं पुढे आलं. तरी लोबोला नको असं म्हणणारे थोडेच. मान हवा, पैसा नाही. उधव्यातही नेमकं हेच.

फरक आहे तो तिथल्या कायद्याने पुढे काय केलं यात.

वर्णभेदाची राजवट संपल्यावर 1998 मध्ये त्या देशाने रूढीप्रमाणे झालेल्या लग्नांना मान्यता देणारा कायदा केला, 15 नोव्हेंबर 2000 पासून तो लागू झाला. दोघं अठरा वर्षांवरची हवीत, दोघांची संमती हवी, आणि लग्न रूढीप्रमाणे ठरलेलं आणि झालेलं हवं. नोंदणी करावी असं कायदा सांगतो, पण नोंदणी केली नाही म्हणून लग्न रद्द होत नाही, हेही त्यातच लिहिलं आहे. आपल्याकडच्या खिडकीवरच्या कारकुनाने हे एक वाक्य दहा वेळा वाचावं.

या कायद्याची कसोटी एका प्रसिद्ध माणसाच्या मृत्यूने लागली. जाबुलानी त्साम्बो, एचएचपी या नावाने गाजलेला रॅप गायक, 24 ऑक्टोबर 2018 रोजी गेला. लेराटो सेंगाडी म्हणाली, मी त्याची बायको. त्याच्या वडिलांचं म्हणणं, लोबोलाची बोलणी झाली, पण नवरी रीतसर सासरी सोपवण्याचा विधी झाला नाही, म्हणून लग्न अपुरं. म्हणजे आपल्या भाषेत, लगीन बाकी. देशभर मित्रमंडळींत यावर वाद रंगले : विधी मोठा की संसार? उच्च न्यायालयाने तिला बायको मानलं, आणि 2020च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला. नवरी सोपवण्याचा विधी नसला म्हणून बाकी सगळं पुसून टाकता येत नाही, हे त्याच न्यायालयाने 2019 मध्ये दुसऱ्या एका खटल्यातही सांगितलं होतं. रूढी ही माणसांबरोबर बदलते, असा हा विचार आहे.

दुसरा खटला याहूनही उधव्याच्या जवळचा. जेन बवान्या ही झिम्बाब्वेहून आलेली घरकाम करणारी बाई. अँथनी रूचबरोबर तिचा संसार होता. लोबोलाच्या बोलण्यांसाठी दोघं झिम्बाब्वेला जाणार होते. त्याआधी दोन महिने, एप्रिल 2016 मध्ये तो वारला. लग्न झालेलं नाही म्हणून वारसा नाही, असं तिला सांगण्यात आलं. ती न्यायालयात गेली. 31 डिसेंबर 2021 रोजी संविधान न्यायालयाने निकाल दिला : एकमेकांची जबाबदारी घेऊन कायम एकत्र राहिलेल्या जोडीदाराला वारसा आणि पोटगी नाकारणं घटनेच्या विरुद्ध आहे. याच न्यायालयाने 2005 मध्ये अशाच एका बाईला नकार दिला होता. सोळा वर्षांत न्यायालयाने आपली भूमिका बदलली, कारण आजूबाजूची माणसं कशी राहतात हे त्याने पाहिलं. दक्षिण आफ्रिकेत समलिंगी जोडप्यांना 2006 पासून विवाहाचा हक्क आहे, आणि सप्टेंबर 2025 मध्ये नवऱ्याला बायकोचं आडनाव लावण्याचा हक्कही याच न्यायालयाने मान्य केला. त्या देशात गरिबी आहे, हिंसा आहे, बेकारी भयंकर आहे. हे सगळं असूनही कुटुंब म्हणजे काय या प्रश्नाला ते कचरत नाहीत.

मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट आठवावी. लग्न कोणाचं खरं, हा प्रश्न दक्षिण आफ्रिकेत भारतीयांवरही आला होता. 14 मार्च 1913 रोजी केपच्या न्यायालयाचे न्यायमूर्ती सर्ल यांनी एका मुसलमान बाईला देशात प्रवेश नाकारताना निकाल दिला की ख्रिस्ती पद्धतीने न झालेली आणि नोंद नसलेली लग्नं तिथे कायदेशीर नाहीत. एका फटक्यात तिथल्या बहुतेक हिंदू, मुसलमान, पारशी बायका कागदावर कोणाच्याच कोणी उरल्या नाहीत. कस्तुरबा सत्याग्रहात उतरल्या त्या यावर. सप्टेंबर 1913 मध्ये त्या फिनिक्स आश्रमातून निघाल्या, पकडल्या गेल्या आणि तीन महिने सक्तमजुरी भोगून आल्या. 1914च्या कायद्याने ती लग्नं मान्य झाली. आपल्या संसाराला परक्या कचेरीने नाकारावं, हा अपमान कस्तुरबांना तुरुंगापेक्षा मोठा वाटला. तलासरीच्या बाईला तोच प्रश्न आपलीच कचेरी विचारते, तेव्हा तिचा अपमान लहान कसा?

आपल्या न्यायालयांनी काहीच केलं नाही असं नाही. नवरा-बायको म्हणून दीर्घकाळ एकत्र राहिलेल्यांचं लग्न झालेलं आहे असं गृहीत धरावं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये बद्रीप्रसाद खटल्यात सांगितलं. तिथे संसार पन्नासेक वर्षांचा होता. 2005च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात विवाहासारख्या नात्यातल्या बाईलाही संरक्षण आहे. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका गोंड बाईच्या वारसांना वडिलोपार्जित जमिनीत समान वाटा दिला : बाईला वगळणारी रूढी सिद्ध झाली नसताना तिला वगळणं हे समानतेच्या विरुद्ध आहे, हा त्यामागचा विचार. पण हे सगळं न्यायालयात. दिल्लीचा निकाल तलासरीच्या खिडकीपर्यंत पोचायला वकील लागतो, आणि वकिलाला लग्नापेक्षा जास्त पैसे लागतात.

सामुदायिक विवाह हा सध्याचा उपाय आहे. संस्था करतात, पक्ष करतात, आदिवासी विकास विभागाची कन्यादान योजना त्याला हात देते. त्यातून खर्च वाचतो आणि दाखला मिळतो, ही मोठी सोय आहे. तरी एक खंत आहे. मैदानात शंभर जोडपी रांगेत, ध्वनिक्षेपकावर मंगलाष्टकं, व्यासपीठावर पाहुण्यांची भाषणं. धवलेरीला तिथे जागा क्वचित. ज्या बाईच्या आवाजाने लग्न लागायचं तिची जागा माइकने घ्यावी, याचं वाईट वाटतं. दुसरीकडे, घरी लग्न करणाऱ्यांचा खर्च हळदीच्या डीजेने पुन्हा वाढवला आहे. तारपा वाजवणाऱ्याला नारळ आणि मान पुरायचा. डीजेला रोख लागते, आणि रोखीसाठी पुन्हा कोणाच्या तरी दारात जावं लागतं. सावकाराच्या जागी आता बचतगटाबाहेरची खासगी कर्जं आहेत. झरीच्या सभेची आठवण तालुक्यात लाल झेंड्याने दरवर्षी जागवली जाते. आठवणीच्या त्या सभेत डीजेच्या कर्जाबद्दलही कोणीतरी बोलावं.

तलासरी हा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतला तालुका आहे. 1996चा पेसा कायदा इथे लागू आहे आणि त्यात ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा जपण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिला आहे. पाड्यावर कोण कोणाबरोबर, कधीपासून, कोणत्या घरात संसार करतं, हे ग्रामसभेइतकं कोणाला ठाऊक? गावात विवाह नोंदणीचं काम ग्रामपंचायतीकडेच आहे. मग उधव्याच्या आणि आजूबाजूच्या ग्रामसभांनी एवढं करावं : एक वही ठेवावी. दोघं अठरा-एकवीस पूर्ण केलेली असतील, दोघांची संमती बायामाणसांसमोर विचारलेली असेल, तर त्या संसाराची त्यात नोंद व्हावी, खाली बाईची सही किंवा अंगठा आधी आणि पुरुषाचा नंतर. वयाची अट कडक पाळावी, कारण कोवळ्या पोरीला घरी आणणं हे रूढीच्या आड लपता कामा नये. त्या नोंदीचा उतारा रेशन, पट्टा आणि वारसासाठी पुरावा म्हणून धरावा असा ठराव आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा. मांडव पुढे कधीही पडो, चौक लिहायचा राहो. तो त्यांच्या सवडीचा आणि आनंदाचा भाग आहे.

दिवाळीनंतर भात घरात येईल, माघापासून लग्नसराई सुरू होईल, धवलेऱ्यांना निरोप जातील. चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेत नव्या ओळखी होतील आणि त्यातल्या काहींचे संसार पावसाआधीच उभे राहतील. त्याआधी, 26 जानेवारीला तालुक्यातल्या प्रत्येक गावात ग्रामसभा आहे. वही त्या दिवशी उघडता येईल.